होम प्लेटवरची मीटिंग

सॉफ्टबॉलचा सामना सुरू होण्याआधी पंच दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या पांढऱ्या पाटीपाशी, बोलावतात आणि एक छोटीशी मीटिंग घेतात. यातला 'छोटीशी' हा शब्द पंचांच्या प्रशिक्षण वर्गात चांगला ठासून सांगितला होता, असं आमची कन्या म्हणते. ती त्या वर्गाला नव्हतीच, तरी तिला तो ऐकू आला. मी पहिल्या बाकावर होतो, मला आला नाही.

वर्गाला मी गेलो तो तिच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंमुळे. पंच मिळत नाहीत, पालकांनी पुढे यावं, असं त्या पालकसभेत म्हणाल्या आणि मी नेमका त्याच क्षणी खुर्चीतून उठलो. पाय आखडला होता म्हणून उठलो होतो. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजल्यावर 'अहो, पाय आखडलाय' असं सांगायला फार मोठं धैर्य लागतं आणि ते आमच्या घराण्यात कुणातच नव्हतं.

वर्गात चेंडू कधी चांगला, कधी वाईट, खेळाडू कधी बाद, कधी नाबाद, असं बरंच काही शिकवलं. ते बहुतेक डोक्यावरून गेलं. पण सामन्याआधीची मीटिंग हा भाग आला आणि मी ताठ बसलो. पंचांनी स्वतःची ओळख करून द्यायची. प्रशिक्षकांकडून खेळाडूंची नावं घेऊन पडताळायची. 'तुमच्या सर्व खेळाडूंची साधनं नियमाप्रमाणे आहेत ना?' असं विचारून दोघांच्या तोंडून 'हो' वदवून घ्यायचं. आणि मग मैदानाचे नियम. म्हणजे प्रत्येक मैदान वेगळं, कुठे मध्येच झाड, कुठे पाइप; चेंडू त्यांना लागला तर काय, ते आधीच ठरवायचं. एकदा का दोन्ही प्रशिक्षक मीटिंगमध्ये 'मान्य' म्हणाले, की मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्यात बदल नाही.

मला भरूनच आलं. कारण मी विमा कंपनीत आहे, दाव्यांच्या विभागात. माणसावर काय काय कोसळू शकतं याचा मी दिवसभर विचार करतो आणि त्यातलं काय काय आमच्या अंगावर येणार नाही ते लिहून ठेवतो. उभा जन्म यात गेला. पॉलिसीच्या शेवटी बारीक अक्षरात जे कलम असतं ना, 'वर उल्लेख न केलेल्या कोणत्याही कारणाने झालेले नुकसान ग्राह्य धरले जाणार नाही', ते आमच्या शाखेत माझ्याइतकं कुणालाच जमत नाही. साहेबसुद्धा मान्य करतात. अशा माणसाला कुणीतरी मैदान दिलं होतं, शिट्टी दिली होती आणि अटी घालायला सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात कन्या घरी आली ती नाचतच. तीन वर्षं ती संघात राखीव होती. राखीव म्हणजे बाटल्या भरायच्या, बॅटा उचलायच्या आणि दुसऱ्या जिंकल्या की उड्या मारायच्या. आता शाळेचं शेवटचं वर्ष, शेवटचा सामना, आणि बाईंनी तिला पहिल्यांदाच खेळणाऱ्या नऊ जणींत घेतलं होतं. शिवाय जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडायला निवड समितीच्या बाई येणार होत्या.

"पण मी नववी आहे बॅटिंगला," ती म्हणाली. "सगळ्यात शेवटी. लवकर अंधार पडला तर माझी पाळी एकदाच येईल, नाहीतर येणारच नाही. बाबा, पंच कोण आहेत माहितीये?"

पंच मी होतो. ठरलेल्या पंचांचा गुडघा दुखावला होता आणि बाईंनी मला फोन केला होता. मी कन्येला तसं सांगितलं. तिचं नाचणं थांबलं.

"बाबा, मीटिंग पटकन आटपा हं," एवढंच ती म्हणाली. तिला आपला बाप माहीत आहे.

आता बातमी जिन्यात पसरायला किती वेळ लागतो! वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य त्याच संध्याकाळी खाली आले. म्हणाले, "एक लक्षात ठेवा. समोरच्याला बोलू द्यायचं नाही. मी आधी तोंडात कापूस घालतो आणि मगच पेशंटला विचारतो, काय होतंय." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "कोरम बघा. कोरमशिवाय घेतलेली मीटिंग उद्या कुणीही उडवून लावेल." मी म्हटलं, तिथे चारच माणसं असतात. "मग चौघेही हवेत," असं म्हणून ते गंभीर चेहऱ्याने चहा पीत राहिले.

मी बैठकीच्या खोलीत तालीम सुरू केली. पाटाला होम प्लेट केलं. एका बाजूला दंतवैद्य, एका बाजूला बायको, असे दोन प्रशिक्षक उभे केले. दंतवैद्य मन लावून उभे राहिले. बायकोच्या हातात लाटणं होतं.

"तुमच्या सर्व खेळाडूंची साधनं नियमाप्रमाणे आहेत ना?" मी भारदस्त आवाजात विचारलं.

"अहो, कणीक वाळतेय," बायको म्हणाली.

"फक्त हो किंवा नाही."

"नाही!" असं म्हणून दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षक स्वयंपाकघरात निघून गेल्या. कन्या दारात उभी राहून हे बघत होती. हसली नाही. 

मैदानाचंही एक लचांड झालं. मैदान पाणीपुरवठा खात्याचं, पंपघराच्या मागे. खेळाच्या बाईंना वेळ नव्हता, म्हणून परवानगी आणायला मीच गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, "खेळ हा प्रकार आमच्या यादीत नाही. 'कार्यक्रम' आहे, 'समारंभ' आहे आणि 'खोदकाम' आहे." मी म्हटलं, कार्यक्रम लिहा. मग ध्वनिक्षेपक लावणार नाही असं लिहून द्या, मांडव घालणार नाही असं लिहून द्या, जेवणावळ उठवणार नाही असं लिहून द्या. मी सगळं दिलं. एरवी मी लोकांकडून लिहून घेतो. त्या दिवशी कळलं, खिडकीच्या या बाजूला पाय किती दुखतात ते. शेवटी परवानगी मिळाली, पण दिवस मावळेपर्यंतच. मावळल्यावर तिथे ज्येष्ठ नागरिकांचं चालणं असतं, आणि ते कुणासाठीही थांबत नाहीत.

बायकोला मी आदल्या दिवशीच बजावलं, "तू प्लेटजवळ बसू नकोस. पंचाची बायको पंचाच्या जवळ दिसली की लोक नावं ठेवतात."

"मग कुठे बसू? घरी?"

"लांब. पार त्या टोकाला, पंपघराच्या पलीकडे."

"बरं बाई," असं म्हणून तिने घडीची खुर्ची झटकून ठेवली. हा संवाद लक्षात ठेवा. माझ्या तर तो आता मरेपर्यंत लक्षात राहणार आहे.

सामन्याचा दिवस उजाडला. निळा शर्ट, छातीला जाड पॅड, हातात लोखंडी जाळीचा मुखवटा, खिशात प्लेट झाडायचा छोटा ब्रश, असा मी मैदानात उतरलो. माझ्या जोडीला बेसवरचे पंच होते. ते चित्रकलेचे शिक्षक. फार सज्जन माणूस. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर 'चालेल' असं असतं. एका बाजूने आमच्या खेळाच्या बाई आल्या. दुसऱ्या बाजूने समोरच्या शाळेचे सर आले, उंच, सडपातळ, अतिशय विनम्र. त्यांना मी पहिल्या पाच मिनिटांत शंकासुर असं नाव ठेवलं.

मी सुरुवातीलाच म्हटलं, "एक गोष्ट आधी उघड करतो. या संघात माझी मुलगी आहे. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा."

शंकासुरांनी छातीवर हात ठेवला. "छे छे सर! तुम्ही स्वतःहून सांगितलंत, यातच सगळं आलं. आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

मला बरं वाटलं. किती मूर्ख असतो माणूस!

आधी नाणेफेक झाली. नाणं गवताच्या झुबक्यात पडलं आणि तिथे उभंच राहिलं. आता उभ्या नाण्याचं काय करायचं हे वर्गात शिकवलं नव्हतं. "चालेल," बेसवरचे पंच म्हणाले. काय चालेल ते त्यांनी सांगितलं नाही. शंकासुरांनी शंका काढली की पुन्हा फेकायचं तर तेच नाणं फेकायचं की दुसरं? यावर आमची बरीच चर्चा झाली. मग नावं पडताळली. मग साधनं. दोघांनीही नुसतं 'हो' म्हटलं, पण मला पूर्ण वाक्य हवं होतं, ते घेतलं. मागे मुली हातमोजे घालून ताटकळत होत्या. कन्या हेल्मेट काढत होती, घालत होती, पुन्हा काढत होती.

आणि मग आले मैदानाचे नियम.

मैदानाला कुंपण नव्हतं. चेंडू जाईल तितका जाणार, समोरच्या मुली पळत जाऊन आणणार, तोवर आपली खेळाडू तीन बेस शिवून परत प्लेटपर्यंत पळून घेणार. वाटेत काय काय होतं! एक निलगिरीचं झाड. पंपचालकाची कपडे वाळत घालायची दोरी. जमिनीबाहेर आलेला एक पाइप. माळीबुवांची सायकल. "झाडाला लागला तर फलंदाजाला दोन बेस," मी म्हटलं. "मान्य," बाई म्हणाल्या. "खोडाला की फांदीला?" शंकासुरांनी विचारलं.

मी खरं सांगतो, त्या क्षणी मला तो माणूस सख्ख्या भावासारखा वाटला. ऑफिसात इतक्या वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी खोड वेगळं केलं, फांदी वेगळी केली, गळून पडलेलं पान वेगळं केलं. दोरीला लागला तर दोन बेस. "ओल्या कपड्यांवर की वाळलेल्या?" शंकासुर. दोन्ही, मी म्हटलं, पण चेंडू चादरीत गुंडाळला गेला तर चादर उलगडेपर्यंत सगळ्यांनी जागेवर थांबायचं. पाइप. सायकल उभी असताना, सायकल पडलेली असताना. एक कुत्रं येऊन आमच्या चौघांच्या मध्ये बसलं, तेही यादीत घेतलं.

"बाबा!" मागून आवाज आला.

"खेळाडूंनी मीटिंगमध्ये बोलायचं नाही," मी मागे न बघता म्हणालो. मला वाटतं, माझा आवाज त्या वेळी फार छान लागला होता.

खेळाच्या बाई कधी सूर्याकडे बघत होत्या, कधी माझ्याकडे. त्या म्हणाल्या, "सर, झालं ना?"

झालंच होतं. पण उघड्यावर सोडून कसं चालेल? मी घसा साफ केला आणि माझं हातखंडा कलम सांगितलं. "वर उल्लेख न केलेल्या कोणत्याही वस्तूला, व्यक्तीला वा प्राण्याला चेंडू लागल्यास तो फटका धरला जाणार नाही. फलंदाज परत येईल आणि चेंडू पुन्हा टाकला जाईल. मान्य?"

"मान्य, मान्य, मान्य," बाई म्हणाल्या. शंकासुर म्हणाले, "वा! यात सगळंच आलं." बेसवरचे पंच म्हणाले, "चालेल."

मी वाकून, पाठ मैदानाकडे करून, नियमाप्रमाणे प्लेट झाडली. वर बघितलं तेव्हा निलगिरीची सावली अर्ध्या मैदानापर्यंत आली होती.

सामन्याबद्दल मी फार सांगणार नाही. मला मुखवट्यातून नीट दिसत नव्हतं आणि घाम डोळ्यात जात होता. पहिला डाव संपला तेव्हा ज्येष्ठ नागरिक मैदानाच्या कडेला जमून हातपाय झटकू लागले होते. सात डावांचा सामना. पण दोन्ही प्रशिक्षकांनी आणि मी ठरवलं, दुसरा डाव शेवटचा. उजेडच नव्हता. कुठे गेला उजेड, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. खेळाच्या बाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं. पुरेसं होतं.

दुसऱ्या डावात आमचा संघ एका धावेने मागे. दोघी बाद, तिसरी झाली की खेळ संपला. दुसऱ्या बेसवर एक मुलगी उभी. आणि बॅट घेऊन आली नववी खेळाडू.

ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. तीन वर्षं बाटल्या भरणारी माझी पोर. तिने बॅटची मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली. मला म्हणावंसं वाटलं, बाळा, घाबरू नकोस. पण पंचाने असं म्हणायचं नसतं. मी फक्त मुखवट्याआड नाक ओढलं. पहिला चेंडू तिने सोडला. दुसरा हुकला. तिसऱ्याला तिने बॅट फिरवली आणि असा काही आवाज आला, की कुत्रं उठून उभं राहिलं.

काय फटका होता हो! चेंडू पहिल्या रांगेतल्या मुलींच्या डोक्यावरून गेला, मागच्या रांगेतल्या मुलींच्या डोक्यावरून गेला, निलगिरीला चुकवून गेला, दोरीच्या खालून गेला, पाइपाला न शिवता वरून उडाला, सायकलीला वळसा घातला. मी मुखवटा वर सरकवून एकेक कलम डोळ्यांसमोरून जाताना बघत होतो. दुसऱ्या बेसवरची मुलगी होम प्लेटवर पोचली. कन्या पहिला बेस, दुसरा बेस, तिसरा बेस, वाऱ्यासारखी पळत होती. चेंडू अजून घरंगळतच होता. मी मनातल्या मनात नाचत होतो, शपथ सांगतो.

आणि मग, पार त्या टोकाला, तो टक्कन एका घडीच्या खुर्चीला लागला.

खुर्ची पंपघरापलीकडे नव्हती. मीटिंग लांबली, ऊन सरकलं, सावली पुढे आली. बायको सावलीबरोबर खुर्ची पुढे ओढत गेली. ओढत ओढत ती मैदानात आली होती. लेकीचा फटका बघून ती टाळ्या वाजवत उभी राहिली होती आणि रिकामी खुर्ची होती तिथेच राहिली होती. दोरीला लागला असता तर दोन बेस होते. सायकलीला, कुत्र्याला, ओल्या चादरीला लागला असता तरी काहीतरी होतं. खुर्चीचा उल्लेख कुठेच नव्हता.

कन्या दोन्ही पायांनी प्लेटवर आदळली. सगळ्या मुली तिच्या अंगावर पडल्या. शंकासुर माझ्याजवळ आले. अगदी हळू म्हणाले, "सर, चेंडू त्या खुर्चीला लागला का? मला या अंधुक उजेडात नीट दिसलं नाही."

मी बेसवरच्या पंचांकडे बघितलं. ते बेसकडे बघत होते, त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. लांबून बायकोने खुर्ची झटकन मिटून पाठीमागे धरली आणि ओरडली, "कशालाही लागला नाही हो! कुठली खुर्ची?" पाठीमागून खुर्चीचे चारही पाय दिसत होते.

"तुम्ही म्हणाल ते मान्य," शंकासुर म्हणाले. "आमचा विश्वास आहे, मी आधीच सांगितलंय."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. भांडले असते तर मी 'नाही लागला' म्हणून मोकळा झालो असतो. पण विश्वास! छातीवरचं पॅड एकदम जड झालं. मुलींच्या ढिगाऱ्यातून कन्येचं तोंड बाहेर आलं. लालबुंद, हसरं. तीन वर्षांत मी तिला मैदानावर तसं हसताना बघितलं नव्हतं.

"लागला," मी म्हणालो. "फटका धरला जाणार नाही. फलंदाज परत."

 कन्येने माझ्याकडे बघितलं, मग खाली वाकून बॅट उचलली, पॅन्टला लागलेली माती झटकली आणि जागेवर उभी राहिली. वाद घातला नाही. मी तरी तिला काय शिकवलं होतं? मीटिंगमध्ये बोलायचं नाही. पुढच्या चेंडूवर तिने जे मारलं ते सरळ चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या हातात गेलं. बाद. सामना संपला. ज्येष्ठ नागरिक मैदानात शिरले.

निवड समितीच्या बाईंनी समोरच्या संघातल्या दोघींना बोलावून घेतलं, आमच्या पिचरला बोलावलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी मुखवटा काढला. मला वाटलं, फटका तर त्यांनी बघितलाच आहे. माझ्या मनात वेडी आशा पालवली.

"फटका चांगला होता, पण धरलाच गेला नाही तर आम्ही तरी काय धरणार?" त्या म्हणाल्या. "पण तुम्ही! स्वतःच्या मुलीचा फटका रद्द करणारा पंच मी पहिल्यांदा बघितला. जिल्ह्याच्या सामन्यांना आम्हाला तुम्हीच हवेत. नाही म्हणू नका."

म्हणजे निवड झाली. आमच्या घरातून एकाची झाली. माझी.

 घरी जाताना खुर्ची मी उचलली होती. ती दर पावलाला पोटरीवर आपटत होती आणि मी हूं की चूं केलं नाही. जिन्यात दंतवैद्य भेटले. "काय, कशी झाली मीटिंग?" त्यांनी उत्साहाने विचारलं. बायको त्यांना म्हणाली, "कापूस आहे का हो तुमच्याकडे? यांच्या तोंडात घालायचाय."

कन्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला नाही, हेच मला सहन होईना. मी दाराबाहेर उभा राहून सांगितलं, की मी त्या बाईंना नाही कळवतो, मला नको ते जिल्ह्याचं पंचपद, मी आयुष्यात पुन्हा शिट्टी तोंडात धरणार नाही. जेवढं सुचलं तेवढं बोललो. शेवटी मी म्हटलं, "बाळा, चुकलंच माझं. खोटं बोलायला हवं होतं."

तेव्हा दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते.

"खोटं कशाला बोलायचं? लागलाच होता तो," ती म्हणाली. "मला पण दिसला, तिसऱ्या बेसवरून. तरी मी पळत राहिले." तिने नाक पुसलं. "त्याचं काही नाही बाबा. पण मला एकदाच पाळी मिळाली. एकदाच."

 माझ्याकडे सगळ्या प्रसंगांसाठी कलमं आहेत. या प्रसंगासाठी एकही नव्हतं.

ती माझ्या खिशाकडे बघत होती. तिने प्लेट झाडायचा ब्रश बाहेर काढला, त्यातली माती दाराच्या चौकटीवर आपटून काढली आणि परत माझ्या हातात दिला.

"जा तुम्ही जिल्ह्याला," ती म्हणाली. "फक्त मीटिंग छोटी घ्या. तिथेही कुणीतरी नववी असेल."